वनिता 'होय' म्हणाली

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलं नाही. माणूस गेला बिचारा, तरी नाही. देवाला सांगितलं म्हणावं, तर त्याला आधीपासून सगळं ठाऊक — त्यात माझं शौर्य कसलं? माणसाला सांगायची ही पहिलीच खेप. आणि सांगायला बसले कधी, तर या वयात! ऐकून घे. मध्ये मध्ये मी फाटे फोडीन, ती माझी खोडच आहे. पण आज शेवटापर्यंत जायचं ठरवलंय.

मी मुळातच बडबडी. आमचे पप्पा मला चालता रेडिओ म्हणायचे. तर अशा रेडिओला कुणी सांगावं, की बाई, तोंड मिटून सेवा कर — आता काय म्हणायचं याला?

सांगितलं ते आमच्या पाळकबाईंनी. आम्ही घाटकोपरला राहायचो, पश्चिमेला, जिथून डोंगराचा चढ लागतो तिथल्या बैठ्या चाळीत. मूळचे नगरकडचे, मराठी ख्रिस्ती. पाळकबाई म्हणजे आमच्या मंडळीच्या — चर्चच्या गं — पाळकसाहेबांच्या बायको. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, सदा हसऱ्या. गिरण्यांचा संप होऊन गेला होता, आजूबाजूला घरटी एक माणूस कामावाचून बसलेला. पाळकबाईंनी आम्हा तरुण पोरापोरींना गोळा केलं आणि म्हणाल्या, आपण पत्रकं वाटायची नाहीत, भाषणं द्यायची नाहीत. अनोळखी माणसाचं छोटंसं काम करायचं आणि गप्प राहायचं. मुकी सेवा. बदल्यात काही घ्यायचं नाही, पाण्याचा पेलासुद्धा नाही. आणि प्रभूचं नाव काढायचं नाही. मात्र त्या माणसानं आपणहून विचारलं, की तू हे का करतेस, तर एकच वाक्य बोलायचं — माझ्या प्रभूनं माझ्यासाठी केलं, म्हणून.

चांगलीच गोष्ट होती. आजही मला त्यात खोट दिसत नाही. खोट होती ती माझ्यात.

कुणी डोंगरावरच्या म्हाताऱ्यांची ओझी वर नेऊन द्यायचं, कुणी सरकारी दवाखान्यात अडाण्यांना खिडकी दाखवायचं. मला मिळाली रॉकेलची रांग. रेशनच्या दुकानासमोर पहाटेपासून डब्यांची रांग लागायची, आणि नंबरावरून बायका एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या. मी लवकर जाऊन नंबर लावायची. पोटुशी बाई, म्हातारी बाई दिसली की तिला माझी जागा द्यायची, आणि आपण डबा उचलून शेपटाला जाऊन उभं राहायचं. पुष्कळदा माझी पाळी येईपर्यंत रॉकेल संपायचं. मग आईच्या शिव्या.

आणि रविवारी संध्याकाळी चहा. पाळकबाई सगळ्यांवरून नजर फिरवत विचारायच्या, "कुणी विचारलं का गं?" तो प्रश्न... त्याच्यासाठी आम्ही आठवडा काढायचो. आमच्यातल्या रूथला कुणी ना कुणी विचारायचंच. एकदा तर एक आंधळे आजोबा तिला विचारता विचारता रडले म्हणे. आणि मला? एक बाई विचारेल तर शपथ! बायका माझी जागा घ्यायच्या, डबा पुढे सरकवायच्या, विषय संपला. मला कित्येकदा वाटायचं, गदागदा हलवावं एकेकीला — अगं विचार की मेले, मी का मागे जातेय ते!

बघितलंस? सेवा करत होते म्हणे मी.

वनिता मला गणपती होऊन गेल्यावर भेटली. माझ्याहून थोडीच मोठी असेल. मालवणकडची, लग्न होऊन मुंबईला आलेली, आमच्या वरच्या अंगाच्या चाळीत. नवऱ्याची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच. घरात सासू. वनिताला दिवस गेलेले, नुकतं दिसायला लागलेलं. मी तिला जागा दिली, तर ती पुढे जाण्याऐवजी माझ्याबरोबर मागे आली! म्हणाली, "तुझे पाय नाय दुखत गो? चल, दोघी बोलत उभ्या राहू." आता अशा बाईचं करायचं काय? मी तिला ढकलून पुढे पाठवलं. ती दर खेपेला रॉकेल भरून झालं की डब्यावर बसून माझी वाट बघायची. नियमाप्रमाणे गप्प राहायचं ते माझं राहिलंच. आम्ही पोटभर गप्पा मारायचो.

एकदा मी तिला माझ्या भावाचं सांगितलं. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे. माझ्या भावानं कॉलेज सोडल्याचं घरात लपवलं होतं. पप्पांना कळलं, त्यांनी त्याचे कपडे एका पिशवीत भरले आणि पिशवी दाराबाहेर ठेवली. मारलं नाही, ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, माझ्या घरात खोटं राहणार नाही. भाऊ नाशिकला मामाकडे गेला तो गेला. आईनं पाय धरले, तरी पप्पांनी त्याचं नाव घेतलं नाही. मंडळीच्या पंचांपैकी एक होते पप्पा, वाईट माणूस नव्हे, पण खोट्याच्या बाबतीत दगड. मी वनिताला म्हटलं, मला फार भीती वाटते गं त्यांची. तिनं माझा हात हातात घेतला. बराच वेळ सोडला नाही.

पण तिनं कधी विचारलं नाही. मी का करते, हे तिला विचारावंसं वाटलंच नाही! तिच्या लेखी बाईनं बाईला मदत करायची, त्यात विचारण्यासारखं काय? हे मला आज कळतं. तेव्हा मला तिचा रागच आला होता.

मग तो रविवार. रूथचं कौतुक झालं. पाळकबाईंची नजर फिरत फिरत माझ्याजवळ आली आणि — न थांबता पुढच्या मुलावर गेली. त्यांनी मला गृहीतच धरलं, की हिला काही सांगायचं नसणार. एवढंच झालं. दुसरं काही नाही. आणि माझ्या तोंडून निघालं, "मला विचारलं एकीनं."

कसं निघालं? देवाशप्पथ सांगते, मी स्वतःच दचकले. पण पाळकबाईंचा चेहरा असा काही फुलला! "स्तुती असो," म्हणाल्या, उठून मला जवळ घेतलं. पप्पांना कळलं, तर ते घरी आल्यावर आईला म्हणाले, पोरगी सुधारली गं. पप्पांनी माझी स्तुती केलेली तू ऐकली असतीस ना... जाऊ दे. पुढच्या रविवारी सगळे माझ्याकडेच बघत होते. मग मी सांगितलं, की तिनं पुन्हा विचारलं. मग सांगितलं, की तिला प्रार्थना शिकायचीय. मग — अगं बाई गं, माझं मलाच ऐकवत नाही — मग सांगितलं, की ती घरी सासूदेखत चुलीपुढे हात जोडून आपल्या प्रभूला हाक मारते. नाव सांगितलं, चाळ सांगितली. मंडळीत वनितासाठी प्रार्थना सुरू झाली. म्हाताऱ्या बायका डोळे मिटून तिचं नाव घ्यायच्या, आणि मी त्यांच्याबरोबर 'आमेन' म्हणायची.

दिवाळी झाली. वनिताचा भाऊ गावाहून आला होता, त्यानं तिच्यासाठी जत्रेतलं खाजं आणलेलं. गुळात घोळवलेलं, आल्याचा वास येणारं. तिनं कागदात बांधून माझ्यासाठी रांगेत आणलं. "घे गो. सासूक सांगून आणलंय, चोरून नाय." मी म्हटलं, नको, आम्हाला काही घ्यायचं नसतं. ती हसली, तिला वाटलं मी लाजतेय. तिनं पुडी माझ्या हातात कोंबली, मी परत तिच्या हातात कोंबली. तिचा चेहरा पडला. हळूच म्हणाली, "आमच्या हातचा चालणा नाय काय तुमका?" मी नियम सांगत बसले. खोटं बोलताना मला एकही नियम आडवा आला नव्हता. खाजं घेताना आला!

नाताळच्या आधी आमची गाण्याची फेरी निघते. खंजिरी, पेटी, पेट्रोमॅक्सची बत्ती, आणि दारोदार नाताळची गाणी. फक्त ख्रिस्ती घरांपुढेच नाही, हिंदू शेजारीसुद्धा हौसेनं बोलवायचे, पोरं मागे नाचत यायची. त्या वर्षी दिवेलागणीला निघालो. पप्पा गळ्यात पेटी अडकवून पुढे. नेहमीचं वळण आलं, आणि पाळकबाई वरच्या रस्त्याला लागल्या. माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. "तुझ्या वनिताच्या दारात एक गाणं म्हणू या. तुला सांगितलं नाही, म्हटलं गंमत."

मी म्हटलं, नको बाई, तिच्या घरचे कडक आहेत. पाळकबाई म्हणाल्या, "अगं गाणंच तर आहे." पप्पा मागे वळून बघत होते. त्या चढावर मी एक वाक्य बोलले असते ना — नाही बोलले. खंजिरी घेऊन निमूट चढत राहिले.

आणि सुरुवात किती छान झाली! दारं उघडली, पोरं धावली. वनिताची सासू पदर सावरत बाहेर आली, उंच, ताठ बाई. तिनं आमचं गाणं कौतुकानं ऐकलं. साखर आणि ओल्या खोबऱ्याचे तुकडे वाटीतून आणले. "बसा, चाय टाकतंय," म्हणाली. मागे नवरा उभा. वनिता दाराला टेकून, पोट चांगलं वर आलेलं, मला बघून तोंडभर हसत होती. मला वाटलं, सुटले. आता चहा पिऊन जायचं, बस.

तेव्हा पाळकबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. माया होती गं त्या हातात, मी बघितली. म्हणाल्या, "आमच्या या मुलीसाठी आम्ही रोज प्रार्थना करतो. आमच्या एका पोरीला तिनं आपणहून प्रभूविषयी विचारलं. घरी प्रार्थना करते ती. तुमच्या घरावर आशीर्वाद येणार, बघा."

पेटी थांबली. सासूच्या हातातली वाटी तशीच राहिली. "कोण? आमची वनिता?"

पाळकबाई गडबडल्या. त्यांना वाटलं होतं, घरात माहीत असेल. मीच सांगितलं होतं ना तसं.

सासूनं सुनेकडे बघितलं. रागानं नाही. घाबरून. "वनिता, तू इचारलंस ह्यांका? घरात करतंस ह्या?"

मी तुला कसं सांगू तो क्षण? वनिताच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, नुसतं आश्चर्य. ती 'नाही' म्हणणार होती. तिचे ओठ तसे झाले होते. मग तिनं आमच्या सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मला शोधलं. माझा चेहरा काय सांगत असेल, देव जाणे. मग तिनं माझ्या शेजारी बघितलं. पेटी घेऊन पप्पा उभे होते, आणि पप्पा मान वळवून माझ्याकडेच बघत होते. तिनं एकदा त्यांना बघितलं, एकदा मला.

"होय," म्हणाली. "मी इचारलंय."

तिला कळलं होतं! एका नजरेत सगळं कळलं होतं — मी काय केलंय, माझं काय होईल, पिशवी कुठे ठेवली जाईल. आणि तिनं माझं खोटं उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतलं. आणि मी... मी खंजिरी छातीशी धरून उभी राहिले. एक शब्द नाही. रेडिओ बंद.

नवरा एवढंच म्हणाला, "माका नाय सांगलंस?" सासूनं पाळकबाईंना हात जोडले. "आता तुमी जावा." आम्ही उतरलो. पप्पांनी वाटेत माझ्या पाठीवर हात ठेवला. शाबासकीचा.

पाळकबाई दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेल्या. दार उघडलं नाही. त्यानंतर त्यांनी मुकी सेवा बंद केली. 'माझ्या उतावळेपणानं एका पोरीला त्रास झाला,' असं त्या स्वतःला म्हणत राहिल्या — मरेपर्यंत. माझ्यादेखत. आणि मी त्यांना पाणी आणून द्यायची.

वनिताला बाळंतपणाला माहेरी पाठवलं. सगळे तेच म्हणाले, आणि मीही तेच धरून बसले. सातव्या महिन्यात पोरी माहेरी जातातच की! बाळ झालं की येईल. शिमगा गेला, पाडवा गेला. बाळ झालं असणार. ती आली नाही.

मी रांगेत जातच होते, आता रॉकेलसाठी. एक दिवस रांगेत पार मागे वनिताची सासू उभी दिसली, डबा घेऊन. ऊन मी म्हणत होतं. तिला गरगरलं, ती खालीच बसली. मी तिला सावलीत बसवलं, तिचा डबा माझ्या जागेवर ठेवला, माझा घेऊन मागे गेले. सवयीनंच. तिनं मला ओळखलं नाही. नाताळच्या फेरीत बत्तीच्या उजेडात ती माझ्याकडे कशाला बघेल? रॉकेल भरून झालं तरी ती गेली नाही. डब्यावर बसून राहिली. वनिता बसायची तशीच. माझं होईस्तोवर. मग म्हणाली —

"कित्याक करतंस गो ह्या?"

तोच प्रश्न. माझ्या सबंध आयुष्यात मला कुणी विचारला असेल तर तिनं. दुसऱ्या कुणी नाही. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "असंच."

ती मान हलवत म्हणाली, "आमची सून पण अशीच होती. मनान चांगली." मग मुलाविषयी, आपल्याशीच बोलल्यासारखी, "झील म्हणता, आता तिका आणूचा नाय. चोरून देव बदलल्यान, म्हणता. पोरगो झालो तिका, बघूक पण नाय गेलो. एकदा, एकदा जरी ती 'नाय' म्हणाली असती, तर मीच गेलंय असतंय तिका आणूक. विचारलंय गो मी चार लोकांदेखत. 'होय' म्हणाली."

कळलं तुला? ती माझ्यासमोर हातभर अंतरावर बसली होती. मी नुसतं म्हटलं असतं, मावशी, ती माझ्यासाठी म्हणाली — तर ती बाई त्याच पावली निघाली असती गाडीला. एका माणसाचं घर माझ्या जिभेवर होतं. बाळ होतं. आणि मला काय दिसत होतं? कपड्यांची पिशवी. आमच्या दाराबाहेर.

मी तिचा डबा उचलून तिला चढापर्यंत पोचवलं. तिनं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. तो नवरा पुढे दुसरं लग्न करून बोरिवलीकडे राहायला गेला, एवढं कानावर आलं. वनिताचं काही कळलं नाही. कळू नये, अशीच मी वागले. गावाचं नाव मला माहीत होतं, सांगायचं होतं तर ते पुरेसं होतं. पुढे पप्पा गेले. तेव्हा तरी भीती कुणाची उरली होती? कुणाची नाही. तरी मी गेले नाही. म्हणजे पिशवी वगैरे सगळं सांगायला झालं. मला लोकांच्या नजरेत चांगलं राहायचं होतं, एवढंच खरं.

आणि मंडळीत काय झालं, माहितीये? वनिताची साक्ष झाली, म्हणजे विश्वासाचा दाखला. घाटकोपरच्या चाळीतली एक सून, सासूसमोर, नवऱ्यासमोर, चार लोकांसमोर न घाबरता प्रभूला 'होय' म्हणाली आणि त्यापायी घर सोडून गेली — हे आमच्याकडे तरुणांच्या सभेत सांगतात. वर्षानुवर्षं सांगतात. मी समोरच्या बाकावर बसून ऐकते.

परवाच्या नाताळात एका पोरीनं पुन्हा सांगितलं. मुलुंडहून येते ती, गुणी आहे, सांगताना डोळे भरून आले तिचे. तिला वनिताचं नावसुद्धा माहीत नव्हतं, नुसतं 'एक बहीण' म्हणत होती. सभा संपल्यावर माझ्यापाशी आली, माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, "मावशी, त्या फेरीत तुम्ही होतात ना? तुम्ही स्वतः पाहिलंत तिला?"

मी म्हटलं, "हो गं. मी तिथेच होते."